वायूंच्या समतोलाची गणिते: आधी तक्ता, शेवटी ताळा

काचेच्या बंद नळीत नायट्रोजन डायऑक्साइड भरून ती नळी बर्फाच्या पाण्यात धरली, तर आतला तांबूस तपकिरी रंग बघता बघता फिका पडतो. तीच नळी गरम पाण्यात बुडवली, की रंग पुन्हा गडद होतो. नळीचे तोंड वितळवून बंद केलेले असल्यामुळे आत काही गेलेले नसते आणि बाहेर काही आलेले नसते. घडते ते एवढेच, की तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा एक रेणू तयार होतो आणि उष्णता मिळाली की ही जोडी पुन्हा फुटते. दोन्ही क्रिया सतत चालू असतात. ज्या क्षणी त्यांचे वेग सारखे होतात, त्या क्षणापासून रंग स्थिर राहतो आणि त्या स्थितीला आपण समतोल म्हणतो.

वायूंच्या समतोलावर विचारले जाणारे बहुतेक प्रश्न या एकाच अभिक्रियेवर समजावून सांगता येतात, म्हणून या लेखातली बरीचशी उदाहरणे तिच्यावरच घेतली आहेत. सोयीसाठी दोन वायूंना पुढे नुसते टेट्रॉक्साइड आणि डायऑक्साइड असे म्हटले आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत विज्ञान शाखा घेतल्यावर अभिक्रियाकारक हा शब्द रिॲक्टंट म्हणून, उत्पादित हा प्रॉडक्ट म्हणून आणि समतोल हा इक्विलिब्रियम म्हणून नव्याने भेटतो. शब्द बदलले की विषयही बदलला असे वाटून अनेक जण या प्रकरणापाशी बिचकतात. प्रत्यक्षात येथे लागणारे बीजगणित नववी-दहावीच्या वर्गसमीकरणापलीकडे क्वचितच जाते. उत्तरे चुकतात ती बीजगणितामुळे फार थोडी. बहुतेक चुका समीकरण मांडण्यापूर्वीच झालेल्या असतात.

पहिली पायरी: समीकरण आणि त्याचा स्थिरांक

नॉर्वेमधील गुल्डबर्ग आणि वॉगे या नात्याने मेहुणे असलेल्या दोघा अभ्यासकांनी १८६४ मध्ये मांडलेल्या नियमातून समतोल स्थिरांकाची कल्पना पुढे आली. उत्पादितांचे आंशिक दाब (मिश्रणातल्या एकेका वायूच्या वाट्याचे दाब) त्यांच्या सहगुणकांइतक्या (समीकरणात त्यांच्यापुढे असलेल्या आकड्यांइतक्या) घातांकांनी चढवून गुणायचे आणि अभिक्रियाकारकांच्या तशाच गुणाकाराने भागायचे. जो भागाकार येतो, तो ठरावीक तापमानाला समतोलाच्या वेळी नेहमी तोच असतो. त्याला केपी म्हणतात. एका टेट्रॉक्साइडपासून दोन डायऑक्साइड, असे समीकरण लिहिले तर

केपी = (डायऑक्साइडचा दाब)² ÷ (टेट्रॉक्साइडचा दाब)

आणि २५ अंश सेल्सिअसला त्याचे मूल्य, दाब बारमध्ये घेतल्यास, सुमारे ०.१५ आहे. स्थिरांक हा समीकरण कसे लिहिले आहे त्याला चिकटलेला असतो, पदार्थांना नव्हे. समीकरण उलट लिहिले की ०.१५ चा व्यस्त, म्हणजे सुमारे ६.७ घ्यावा लागतो आणि सगळे सहगुणक निम्मे केले की वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.३९ घ्यावे लागते. प्रश्नात स्थिरांक दिलेला असतो तेव्हा तो कोणत्या समीकरणासाठी दिला आहे हे पाहिल्याशिवाय पेन उचलू नये.

दाबांऐवजी दर लिटरमागचे मोल वापरले, तर केसी हा वेगळा स्थिरांक मिळतो. उत्पादितांच्या वायुरूप मोलांच्या संख्येतून अभिक्रियाकारकांची संख्या वजा केली की जो फरक उरतो, त्या घातांकाने (आर × केल्विन तापमान) हा गुणाकार चढवून केसीला गुणले की केपी मिळतो; आर म्हणजे वायू स्थिरांक. आपल्या अभिक्रियेत हा फरक १ आहे, म्हणून २९८ केल्विनला केसी = ०.१५ ÷ (०.०८३१४ × २९८) = सुमारे ०.००६१. येथे आरचे मूल्य ०.०८३१४ घेतले, कारण दाब बारमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये आहे. ॲटमॉस्फियर वापरल्यास ०.०८२०६ घ्यावे लागते. घोकून पाठ झालेले ८.३१४ येथे घातले, तर उत्तर शंभरपटीने चुकते. ही चूक मी स्वतः एका सराव परीक्षेत केली होती आणि आलेले उत्तर इतके नीटनेटके दिसत होते की शंकाही आली नाही.

घन पदार्थ भाग घेत असेल तर त्याला या भागाकारात जागा नसते. चुन्याच्या भट्टीत चुनखडी तापून चुना आणि कार्बन डायऑक्साइड होतात, तेव्हा केपी म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो. मात्र समतोल टिकायला थोडीतरी चुनखडी शिल्लक असली पाहिजे, याचा विसर पडता कामा नये.

दुसरी पायरी: भांडे कोणते?

हा प्रश्न विद्यार्थी स्वतःला विचारतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. भांड्याच्या भिंती पक्क्या असतील, तर आकारमान स्थिर राहते आणि अभिक्रिया चालू असताना एकूण दाब बदलतो. भांड्याला सरकता दट्ट्या असेल, तर एकूण दाब स्थिर राहतो आणि आकारमान बदलते. पहिल्या प्रकारात तक्ता सरळ दाबांत मांडता येतो, कारण आकारमान आणि तापमान तेच असताना दाब हा मोलांच्या प्रमाणातच असतो. दुसऱ्या प्रकारात तक्ता मोलांत मांडावा लागतो आणि दाब शेवटी काढावा लागतो. प्रश्नात ‘बंद फ्लास्क’, ‘२ लिटरचे पात्र’ असे शब्द असतील तर पहिला प्रकार. ‘एकूण दाब १ बार ठेवला’, ‘समतोलावस्थेत एकूण दाब इतका आहे’ असे शब्द असतील तर बहुधा दुसऱ्या प्रकारची मांडणी सोयीची पडते.

तिसरी आणि चौथी पायरी: दिशा, मग तक्ता

पक्क्या फ्लास्कमध्ये २५ अंशांना टेट्रॉक्साइड ०.५० बार आणि डायऑक्साइड ०.५० बार असे मिश्रण घेतले आहे. समतोलाला दाब किती असतील? आधी सुरुवातीचे दाब स्थिरांकाच्याच सूत्रात घालून पाहावे. जो आकडा येतो त्याला क्यू म्हणतात: ०.५० चा वर्ग भागिले ०.५०, म्हणजे ०.५०. तो ०.१५ पेक्षा मोठा आहे, याचा अर्थ डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त आहे आणि अभिक्रिया उलट दिशेने जाणार आहे. आता वहीत तीन रकान्यांचा तक्ता आखावा: सुरुवात, बदल, समतोल.

टेट्रॉक्साइड: ०.५०, + क्ष, ०.५० + क्ष
डायऑक्साइड: ०.५०, − २क्ष, ०.५० − २क्ष

बदलाच्या रकान्यातले आकडे समीकरणातल्या सहगुणकांच्याच प्रमाणात असतात. सुरुवातीच्या रकान्याला असे कोणतेही बंधन नाही. पुष्कळ विद्यार्थी डायऑक्साइडचा सहगुणक २ आहे म्हणून सुरुवातीचा ०.५० सुद्धा दुप्पट करून टाकतात. समतोलाच्या रकान्यातल्या गोष्टी स्थिरांकात घातल्या की

(०.५० − २क्ष)² = ०.१५ × (०.५० + क्ष)

आणि आवरून लिहिल्यावर ४क्ष² − २.१५क्ष + ०.१७५ = ० हे वर्गसमीकरण मिळते. त्याची मुळे ०.१० आणि ०.४३७५ आहेत. दोन्ही बीजगणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत, परंतु दुसरे मूळ घेतले तर डायऑक्साइडचा दाब ०.५० − ०.८७५, म्हणजे ऋण येतो. वायूचा दाब ऋण असू शकत नाही, म्हणून ते मूळ सोडून द्यावे आणि का सोडले हे उत्तरपत्रिकेत एका ओळीत लिहावे. क्ष = ०.१० घेतल्यावर टेट्रॉक्साइड ०.६० बार आणि डायऑक्साइड ०.३० बार.

उत्तर येथे संपत नाही. लहानपणी भागाकाराचा ताळा करून पाहत असू, तसाच येथेही करावा: ०.३० चा वर्ग ०.०९, त्याला ०.६० ने भागले की ०.१५. स्थिरांक जसाच्या तसा परत आला. या कामाला वीस सेकंद लागतात आणि चुकीची खूण, विसरलेला घातांक किंवा उलटा भागाकार यांपैकी काहीही असेल तर ते येथे उघडे पडते.

पक्के भांडे आणि दट्ट्याचे भांडे: एकच वायू, दोन उत्तरे

आता शुद्ध टेट्रॉक्साइडपासून सुरुवात करू. २.४८ लिटरच्या पक्क्या फ्लास्कमध्ये २५ अंशांना ९.२ ग्रॅम टेट्रॉक्साइड घातले आहे. त्याचे मोलर वस्तुमान ९२ ग्रॅम असल्यामुळे हे ०.१० मोल झाले आणि काहीच फुटले नाही असे धरल्यास दाब ०.१० × ०.०८३१४ × २९८ ÷ २.४८, म्हणजे १.० बार येतो. तक्त्यात समतोलाला टेट्रॉक्साइड १ − क्ष आणि डायऑक्साइड २क्ष. त्यावरून ४क्ष² + ०.१५क्ष − ०.१५ = ० आणि क्ष = ०.१७६. म्हणजे टेट्रॉक्साइड ०.८२४ बार, डायऑक्साइड ०.३५२ बार, आणि एकूण दाब १.० वरून १.१७६ बारपर्यंत चढलेला. ताळा: ०.३५२ चा वर्ग ०.१२४, भागिले ०.८२४, बरोबर ०.१५.

हेच ०.१० मोल दट्ट्याच्या भांड्यात घालून एकूण दाब १ बारला धरून ठेवला, तर मांडणी बदलते. एका मोलपैकी अल्फा इतका भाग फुटला असे समजू. मग टेट्रॉक्साइड १ − अल्फा, डायऑक्साइड २अल्फा, आणि एकूण १ + अल्फा मोल. प्रत्येकाचा आंशिक दाब म्हणजे त्याचा मोल-अंश (त्याचे मोल भागिले एकूण मोल) गुणिले एकूण दाब. हे सर्व स्थिरांकात घालून सोपे केले की

केपी = ४अल्फा² × एकूण दाब ÷ (१ − अल्फा²)

एकूण दाब १ बार असताना अल्फा² = ०.१५ ÷ ४.१५, म्हणून अल्फा = ०.१९०. पक्क्या फ्लास्कमध्ये १७.६ टक्के फुटले होते, येथे १९ टक्के. फरकाचे कारण असे, की पक्क्या फ्लास्कमध्ये अभिक्रिया स्वतःच दाब वाढवून स्वतःच्या वाटेत अडथळा आणते. दट्ट्याच्या भांड्यात तो अडथळा नसतो. याच सूत्रात दाब १० बार घातला तर अल्फा ०.०६१ वर येतो आणि ०.१ बार घातला तर ०.५२ वर जातो. ल शातेलिए यांनी १८८४ मध्ये मांडलेले तत्त्व पाठ करून ‘दाब वाढवला की अभिक्रिया कमी मोलांकडे झुकते’ असे लिहिता येते, पण ती किती झुकते हे हे तीन आकडे सांगतात.

अल्फा मोजायचा कसा, हाही प्रश्न विचारला जातो. वायूची घनता पुरते. फुटलेल्या मिश्रणाचे सरासरी मोलर वस्तुमान ९२ ÷ (१ + अल्फा) असते. १९ टक्के फुटले असेल तर ते ७७.३ ग्रॅम, आणि १ बारला २५ अंशांवर एक मोल २४.८ लिटर जागा घेतो म्हणून घनता लिटरमागे सुमारे ३.१२ ग्रॅम. उलट दिशेने, घनता दिली असेल तर याच ओळी खालून वर वाचायच्या.

निष्क्रिय वायू मिसळण्याचा प्रश्नही दुसऱ्या पायरीतच सुटतो. पक्क्या भांड्यात आर्गॉन घातला तर आंशिक दाब हलत नाहीत आणि समतोलही हलत नाही; दट्ट्याच्या भांड्यात घातला तर आकारमान वाढते, आंशिक दाब उतरतात आणि टेट्रॉक्साइड आणखी फुटते.

वर्गसमीकरण टाळता येते तेव्हा

स्थिरांक फार लहान असेल, तर क्ष इतका लहान येतो की वजाबाकीतून तो वगळता येतो. हवा २००० केल्विनपर्यंत तापली की तिच्यातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून थोडा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. वाहनांच्या इंजिनांत त्याचा उगम असाच असतो. एका नायट्रोजन रेणूपासून आणि एका ऑक्सिजन रेणूपासून नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू, असे लिहिल्यास या तापमानाला केपी सुमारे ४.० × १०⁻⁴ आहे. नायट्रोजन ०.७८ बार आणि ऑक्सिजन ०.२१ बार घेतले, तर

४क्ष² = ४.० × १०⁻⁴ × (०.७८ − क्ष) × (०.२१ − क्ष)

कंसांतले क्ष सोडून दिले की क्ष = ०.००४०५ आणि नायट्रिक ऑक्साइड ०.००८१ बार. सोडून देणे योग्य होते का, हे तपासायला क्षची तुलना सर्वांत लहान सुरुवातीच्या दाबाशी, म्हणजे ०.२१ शी करावी. येथे तो त्याच्या २ टक्क्यांहून कमी आहे आणि ५ टक्क्यांपर्यंत चालते असा प्रघात आहे. समाधान होत नसेल तर मिळालेला क्ष कंसांत परत घालून पुन्हा सोडवावे; ०.००४०० येतो आणि तिसऱ्या फेरीत काही बदलत नाही. टेट्रॉक्साइडच्या गणितात मात्र ही युक्ती लावू नये. तेथे क्ष वगळला असता तर ०.१७६ ऐवजी ०.१९४ आला असता.

स्थिरांक फार मोठा असेल तेव्हा आधी अभिक्रिया पूर्णत्वाला गेली असे धरून, जो घटक पहिला संपतो त्याच्या हिशेबाने नवी सुरुवात लिहावी आणि तेथून क्ष इतके मागे यावे. मग तोच लहान क्ष पुन्हा कामाला येतो.

दोन्ही बाजू पूर्ण वर्ग असतील तर सरळ वर्गमूळ घ्यावे. हायड्रोजन आणि आयोडीनपासून हायड्रोजन आयोडाइड होते तेव्हा ४३० अंशांना स्थिरांक ५४.३ आहे. दर लिटरमागे प्रत्येकाचे ०.५० मोल घेतले तर २क्ष ÷ (०.५० − क्ष) = ७.३७, म्हणून क्ष = ०.३९३. हायड्रोजन आणि आयोडीन सारखे घेतले नसते तर ही पळवाट बंद झाली असती.

थोडे मोठे गणित: अमोनिया

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत अमोनियाचे संश्लेषण दाखवले आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. मुंबईत तुर्भे आणि अलिबागजवळ थळ येथील खत कारखान्यांत तयार होणारा अमोनिया याच अभिक्रियेचा. एका नायट्रोजनला तीन हायड्रोजन, असे समीकरण पाहून नवखा विद्यार्थी हबकतो, कारण तक्त्यातून चौथ्या घाताचे समीकरण निघते. वायू १ : ३ या प्रमाणातच घेतले असतील तर मात्र मार्ग सोपा आहे. समतोलाला अमोनियाचा मोल-अंश य मानू. उरलेल्या (१ − य) पैकी एक चतुर्थांश नायट्रोजन आणि तीन चतुर्थांश हायड्रोजन असणारच, कारण दोघे ज्या प्रमाणात आले त्याच प्रमाणात खर्च होतात. हे स्थिरांकात घालून वर्गमूळ घेतले की

य ÷ (१ − य)² = ०.३२५ × √केपी × एकूण दाब

४०० अंशांना केपी १.६४ × १०⁻⁴ आहे, दाब ॲटमॉस्फियरमध्ये. एकूण दाब १०० ॲटमॉस्फियर असेल तर उजवी बाजू ०.४१६ होते आणि वर्गसमीकरणाची मुळे ०.२४० व ४.१६ येतात. मोल-अंश १ पेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून उत्तर २४ टक्के. ताळ्यासाठी दाब लिहावेत: अमोनिया २४, नायट्रोजन १९, हायड्रोजन ५७ ॲटमॉस्फियर, २४ चा वर्ग भागिले १९ गुणिले ५७ चा घन, म्हणजे १.६४ × १०⁻⁴.

या आकड्याची प्रत्यक्ष मोजमापाशी तुलना करणे बोधक आहे. ४०० अंशांना मोजलेले अमोनियाचे प्रमाण १० ॲटमॉस्फियरला ३.८५ टक्के, १०० ला सुमारे २५ टक्के आणि ३०० ला ४७ टक्के आहे. आपले सूत्र अनुक्रमे ३.८, २४ आणि ४२ टक्के देते. पहिल्या ठिकाणी आकडे जुळतात, दुसऱ्या ठिकाणी थोडा फरक पडतो आणि तिसऱ्या ठिकाणी सूत्र सरळ मागे राहते. बीजगणितात चूक नाही. ३०० ॲटमॉस्फियरला रेणू एकमेकांच्या इतके जवळ आलेले असतात की ते आदर्श वायूसारखे वागत नाहीत आणि त्यांचा मोजलेला दाब हा त्यांच्या परिणामाचे खरे माप राहत नाही. तेव्हा दाबाच्या जागी फ्यूगॅसिटी नावाची दुरुस्त केलेली राशी वापरावी लागते. अकरावी-बारावीच्या प्रश्नांत ती लागत नाही, परंतु ‘वायू आदर्श आहेत असे समजा’ हे वाक्य प्रश्नाच्या शेवटी का छापलेले असते, ते ४२ आणि ४७ मधल्या या पाच टक्क्यांवरून समजते.